जड जेवण, रसाचा ग्लास आणि रक्तातील दाह

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते. पहिला दिवस देवाचा आणि गोड नैवेद्याचा. दुसरा पाहुण्यांचा आणि मटणाचा. गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. मामाचे घर तिकडे, मलठणच्या बाजूला, आणि शिरूरला कॉलेजात येणे सोयीचे पडावे म्हणून मी सध्या त्याच्याकडेच राहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे छापलेले जे काही घरात येते, मग ते औषधाचे पाकीट असो की वर्तमानपत्र, त्याचा अर्थ सांगण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. प्रस्तुत लेखाचा जन्म त्या कामात मी केलेल्या एका चुकीतून झाला, म्हणून ती चूक आधी सांगते.

आम्ही वडिलांना दादा म्हणतो. दादांना साखरेचा विकार आहे. तीन वर्षांपूर्वी तोड झालेल्या उसाच्या रानात बुडख्यावर पाय पडून त्यांना लहानशी जखम झाली. ती महिना उलटला तरी भरेना, तेव्हा रक्त तपासले आणि हा विकार कळला. गोळ्या चालू आहेत, पथ्यही चालू आहे. पण यात्रेच्या दिवशी पथ्य पाळणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे. गेल्या वर्षीच्या यात्रेत दादा पाहुण्यांच्या बरोबरीने पंगतीला बसले. बाजरीची भाकरी कुस्करून, वर बोटभर तर्री असलेला रस्सा ओतून, "घ्या हो, घ्या" म्हणत आणि म्हणवून घेत जेवण झाले. मग पोटावर हात फिरवीत ते मला म्हणाले, "लई जड झालं बघ. काहीतरी थंड आण."

आदल्याच आठवड्यात एका पुरवणीत मी एक छोटी चौकट वाचली होती. तेलकट जेवणाबरोबर फळांचा रस घेतला तर रक्तात दाह होत नाही, असे अमेरिकेत सिद्ध झाल्याचे तीत म्हटले होते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आज घरच्यांच्या उपयोगी पडते आहे, याचा मला फार अभिमान वाटला. यात्रेत रसवंत्या लागलेल्याच होत्या. आले-लिंबू घालून काढलेला उसाचा ताजा रस मी मोठ्या ग्लासात आणला आणि तो किती गुणाचा आहे तेही चारचौघांत ऐकवले. दादांनी दुसरा ग्लास मागितला, तोही मीच आणला.

त्या रात्री दादा सारखे उठत होते. तहान थांबेना, लघवी थांबेना, पहाटे डोळ्यांपुढे अंधारी आली. दौंडला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि म्हणाले, "मटणाचं नंतर बोलू. हा रस पाजला कुणी?" मी मान खाली घातली. आई काही बोलली नाही, तेच मला जास्त लागले.

दादा दोन दिवसांनी घरी आले. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. चौकटीत छापले होते ते खोटे होते, की मी ते चुकीचे वाचले होते? मी कला शाखेची विद्यार्थिनी. रक्त, पेशी, यकृत हे शब्द दहावीनंतर मागे पडलेले. शास्त्र शाखेत शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मूळ निबंध शोधून दिले आणि शब्दकोश शेजारी ठेवून दिवाळीच्या सुट्टीत मी ते वाचून काढले. जे समजले ते येथे मांडते. जाणकारांनी चुकभूल सांभाळून घ्यावी.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची हीच चार लक्षणे लिहून ठेवली आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून जातात आणि ऑक्सिजनपासून बनलेले अत्यंत जहाल पदार्थ सोडून आत शिरलेल्या जंतूंना मारतात. हा दाह उपकारक आहे. तो नसता तर काट्यानेसुद्धा माणूस दगावला असता. काम झाले की तो शमतो.

परंतु दाहाचा एक दुसराही प्रकार आहे. त्यात लाली नाही, सूज नाही, ठणका नाही. राखेखाली निखारा धुमसत राहावा तसा तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांत धुमसतो आणि माणसाला पत्ता नसतो. तो ओळखायचा तर रक्तच तपासावे लागते. यकृतात तयार होणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन हे त्याचे एक माप. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. पुढे कितीतरी वर्षांनी असे दिसून आले की न्यूमोनिया वगैरे काही नसताना ज्यांच्या रक्तात ते थोडेसे वाढलेले असते, त्यांना हृदयविकार आणि मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो.

आता जेवणाचा आणि या निखाऱ्याचा संबंध काय? मला सर्वांत नवल वाटले ते येथे. आपल्या आतड्यात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. त्यांपैकी काहींच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी द्रव्य असते. जंतू मेल्यावर आणि फुटल्यावर ते मोकळे होते. कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाच्या ते ध्यानात आले आणि १८९२ च्या सुमारास त्याने त्याला 'एंडोटॉक्सिन' म्हणजे अंतर्विष असे नाव दिले. आतड्यात असेपर्यंत ते फारसे बाधत नाही. पण जेवणात चरबी भरपूर असली की पचलेल्या चरबीच्या सूक्ष्म थेंबांना धरून त्यातले थोडेसे रक्तात येते. पांढऱ्या पेशींच्या अंगावर हे विष ओळखणारी जणू कुलपे असतात; किल्ली बसली की पेशी खवळतात. या कुलपांवरच्या संशोधनाबद्दल ब्रूस ब्यूटलर यांना २०११ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर निरोगी माणसांना पन्नास ग्रॅम लोणी लावलेला टोस्ट आणि चहा एवढेच दिले होते. तेवढ्यानेही थोड्या वेळाने रक्तातले अंतर्विष वाढले. म्हणजे यात्रेचीच पंगत पाहिजे असे नाही.

थोडक्यात, प्रत्येक जड जेवणानंतर काही तास आपल्या रक्तात एक लहानशी चकमक होते. निरोगी माणसात ती चार-सहा तासांत शमते. पण सकाळी वडापाव, दुपारी तेलकट भाजी, संध्याकाळी भजी आणि रात्री पुन्हा जेवण असे चालले, तर पहिली चकमक संपण्याआधीच दुसरी सुरू होते आणि राखेखालच्या निखाऱ्याला फुंकर मिळत राहते.

१९९७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात रॉबर्ट व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की पन्नास ग्रॅम चरबी असलेले एकच जेवण घेतले, तरी पुढचे सुमारे चार तास रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता मंदावते. त्याच वर्षी त्याच गटाने दुसरी गोष्ट दाखविली. अशा जेवणाआधी क आणि ई जीवनसत्त्वांची मोठी मात्रा दिली तर हा परिणाम होत नाही. तेव्हा साहजिकच प्रश्न आला: गोळ्यांऐवजी फळ चालेल का?

आता त्या चौकटीच्या मूळ प्रयोगाकडे येऊ. तो न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. निबंधाचे पहिले लेखक हुसाम घानिम. गटाचे प्रमुख डॉ. परेश दंडोना हे मूळचे भारतीय. त्यांनी योग्य वजनाची तीस निरोगी माणसे निवडली आणि दहा-दहांचे तीन गट केले. सर्वांना जेवण एकच: अंडे आणि सॉसेज घातलेले पाव, बरोबर तळलेला बटाटा, मिळून ९०० कॅलरी. फरक फक्त पिण्यात. एका गटाला साधे पाणी, दुसऱ्याला ग्लुकोजचे ३०० कॅलरींचे पाणी, तिसऱ्याला तेवढ्याच ३०० कॅलरींचा संत्र्याचा रस. मग पाच तासांपर्यंत ठरावीक वेळाने रक्त काढून तपासले.

पाण्याच्या गटात अंतर्विष वाढले, पांढऱ्या पेशी खवळल्या, त्यांच्यावरची ती कुलपेही वाढली. ग्लुकोजच्या गटातही तसेच झाले. संत्र्याच्या रसाच्या गटात मात्र ही वाढ रोखली गेली. कॅलरी सारख्याच, रसही गोडच, तरी परिणाम उलटा! तेव्हा चौकट खोटी नव्हती. पण तिच्यात तीन ओळींत न मावलेले बरेच काही होते आणि नेमके तेच माझ्या दादांना भोवले.

मी काय दिले होते? उसाचा रस. ऊस हे फळ नव्हे, ते गवताच्या कुळातले खोड आहे, हे ऊस पिकवणाऱ्याच्या मुलीला कळायला हवे होते. परंतु आपल्या बोलीत रस म्हणजे रस. आमरस, उसाचा रस, लिंबाचा रस सारे एका पंगतीत. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत उसाच्या १०० मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असल्याचे सांगितले आहे. मी कागदावर हिशेब मांडला. पाव लिटरचा एक ग्लास धरला तर त्यात ३२ ते ३७ ग्रॅम साखर. दोन ग्लासांत ६५ ते ७५ ग्रॅम. बर्फाचे थोडे वजा करा हवे तर. आता बफेलोच्या गटाकडे परत या. दुसऱ्या गटाच्या ग्लुकोजच्या पाण्यात किती ग्लुकोज होते? ७५ ग्रॅम! त्याच शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले होते की निरोगी माणसाने नुसते ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायले तरी पांढऱ्या पेशी त्या जहाल पदार्थांचा मारा वाढवतात. उसाची साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, तेव्हा दोन्ही अगदी एकच असे म्हणता येणार नाही. पण ढोबळमानाने पाहता, दादांना संत्र्याच्या गटात बसवले आहे असे समजून मी त्यांना ग्लुकोजच्या गटात बसवले होते, आणि तेही मधुमेह असलेल्या माणसाला. हा हिशेब सुटला त्या दिवशी मी जेवले नाही.

मग संत्र्याच्या रसात असे काय आहे जे साखरेला पुरून उरते? शास्त्रज्ञांचा रोख त्यातील दोन द्रव्यांकडे आहे: हेस्पेरिडिन आणि नॅरिंजेनिन. क जीवनसत्त्व तर आहेच. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवर ही द्रव्ये घातली तेव्हा त्यांचा मारा कमी झाला. येथे आपल्याकडच्या एका फळाचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत रस काढतात ते गोड संत्रे आणि आपली मोसंबी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची. नागपुरी संत्रे मात्र वेगळ्या जातीचे आहे. मोसंबी हे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून आले असे मानतात. तेव्हा त्या प्रयोगातल्या रसाच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू शिरूरच्या एस.टी. स्टँडाबाहेर मिळते ती मोसंबीच. फक्त एक अडचण आहे. हेस्पेरिडिन सर्वांत अधिक असते ते सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि फोडींच्या पडद्यात. रसवाला सुरीने साल काढताना तो पापुद्रा खरवडून टाकतो, कारण त्याने रस कडवट होतो. मग ग्लासात साखरेचे पाणी, वर बर्फ, वर मीठ-मसाला. मी एकदा उभी राहून पाहिले: मोठ्या पळीने दोनदा साखरेचे पाणी. मी म्हटले, "काका, साखर नको." त्यावर ते म्हणाले, "मग प्यायची कशाला, ताई?" त्यांचा प्रश्न त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने खराच होता.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माणसे तीस, तीही निरोगी आणि योग्य वजनाची. दिवस एक, जेवण एक. रोज मटणावर रस प्यायल्याने दहा वर्षांनी काय होते, हे त्यातून कळत नाही. मधुमेह्यांना रस द्यावा असे तर त्यात कोठेच म्हटलेले नाही. याउलट, पुष्कळ लोकांना पुष्कळ वर्षे पाहिलेला अभ्यास वेगळे सांगतो. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १,८७,००० हून अधिक परिचारिका, डॉक्टर आणि अन्य आरोग्यसेवकांच्या आहाराची माहिती तपासली. अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाला होता; फळांचा रस अधिक पिणाऱ्यांना तो जास्त झाला होता. फळ एकच, पण चोथा काढून टाकला की त्याचा स्वभाव बदलतो. चार मोसंब्यांचा रस आपण उभ्या-उभ्या संपवतो. चार मोसंब्या सोलून खायला बसलो तर दुसऱ्या मोसंबीतच पुरे वाटते.

दुसरी सावधगिरी विकणाऱ्यांबद्दल. डाळिंबाच्या रसाचे गुण इस्रायलमधील हैफा येथील मायकेल अविराम यांनी २००० साली आणि पुढे अभ्यासले, ते काम गंभीर होते. पण अमेरिकेतील एका मोठ्या रस कंपनीने त्याच्या पुढे जाऊन आपला रस हृदयविकारावर गुणकारी असल्याच्या जाहिराती केल्या. तेथील व्यापार आयोगाने २०१३ मध्ये त्या फसव्या ठरवल्या आणि २०१५ मध्ये न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्याकडे जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खोक्यांवरील 'शंभर टक्के फळांचा रस' ही अक्षरे काढायला लावली, कारण पुष्कळसा रस आटवून नंतर पाणी घालून केलेला असतो. आमच्या गावात पाहुणा आजाऱ्याला भेटायला येताना असेच खोके घेऊन येतो. दादा दवाखान्यात होते तेव्हा तीन आली.

जड जेवणाबरोबर आंबट फळ ही कल्पना काही बफेलोची नव्हे. कोकणात आणि गोव्यात मासळीच्या जेवणावर सोलकढी लागतेच. ती आमसुलाची, म्हणजे कोकमाच्या फळाची. आमच्याकडे देशावर मटणाच्या ताटात लिंबाची फोड आणि कांदा. चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा वस्तूंचा एक गण सांगितला आहे. त्यांत आंबा, अंबाडा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब, महाळुंग अशी सारी आंबट फळेच आहेत. जुन्या लोकांना अंतर्विष ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याची अलीकडे फार घाई होते. पण जिभेच्या अनुभवाने त्यांनी काहीतरी टिपले असावे. फ्रान्समधील २०२१ च्या एका प्रयोगात पावाबरोबर लिंबाचा रस दिला तेव्हा रक्तातील साखर कमी चढली आणि हळू चढली. अर्थात तो ग्लासभर होता, फोडीएवढा नव्हे. आणि आमरस-पुरीचे काय, असे कोणी विचारील. तळलेली पुरी, वर आंब्याचा गर, त्यात तुपाची धार: या जेवणाची परीक्षा बफेलोत झाली असती तर बरे झाले असते. आमच्या डॉक्टरांनी दादांना त्याचे उत्तर प्रयोगाशिवायच देऊन टाकले आहे.

हे सारे वाचताना मला वाटत होते, की हे परदेशातले, आपल्यापासून दूरचे. पण वाचता वाचता माझी गाडी थेट शिरूर तालुक्यात येऊन थांबली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र आहे. याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तो जगभर गाजला. तेथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही बारकी बाळे सर्वच बाबतींत बारकी नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार असा हा भारतीय देह.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांची उंची-वजनाची गुणोत्तरे अगदी सारखी, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! चरबी ही नुसती साठवण नाही, ती स्वतःही दाहाची द्रव्ये रक्तात सोडते. याच गटाने पुण्याचे मध्यमवर्गीय, झोपडपट्टीतले आणि खेड्यातले असे मिळून ४४१ पुरुष तपासले होते. शहरातल्यांमध्ये चरबी आणि दाहाच्या खुणा खेड्यातल्यांपेक्षा जास्त आढळल्या. ते निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा मी जेमतेम रांगत असेन. आता रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत पाळ्या करणारा, फटफटीवर फिरणारा, स्टँडवर वडापाव खाणारा आमच्या गावचा तरुण त्यांतल्या कोणत्या रांगेत बसेल?

माझे दादा अंगाने काटक आहेत. "एवढ्या बारीक माणसाला साखर कशी?" असे गावात सगळे विचारतात. त्याचे उत्तर आमच्याच तालुक्यांच्या आसपासच्या मातीत शोधले गेले होते आणि ते आम्हाला इंग्रजीतून वाचावे लागले.

पण त्याच अभ्यासातला एक निबंध मी दोनदा वाचला, तो २००१ चा. त्यात सुमारे आठशे स्त्रियांचा आहार पाहिला आहे. बाळाच्या आकाराशी कशाचा संबंध लागला? आईने एकूण किती कॅलरी वा किती प्रथिने खाल्ली यांचा नाही. ती दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाते, याचा लागला. फळे! मी आईला विचारले, "मी पोटात असताना तू फळं खायचीस का?" आई हसली. म्हणाली, "कोण देतं गं? उपासाला एखादं केळ." आणि तिचे माहेर तर डाळिंबवाल्याचे.

मामाची बाग दीड एकराची आहे. तिकडे पाणी कमी, म्हणून ऊस नाही, डाळिंब आहे. त्याच्याकडे राहायला आल्यापासून मी हा कारभार जवळून पाहते. बहार धरायचा, पाणी तोडायचे, मग ठिबकने मोजून सोडायचे, तेल्या येऊ नये म्हणून फवारण्या करायच्या, रात्री झोप नाही. त्याच्याकडे भगवा वाण आहे. त्याआधी आजोबांच्या वेळी गणेश होता. हा गणेश पुण्याच्याच गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्राचा. डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदी जातीतून त्याची निवड केली आणि १९७० मध्ये त्याला गणेश हे नाव मिळाले. म्हणजे या फळाचे मूळही आमच्याच जिल्ह्यातले. तोडणी झाली की ओसरीवर फळांची प्रतवारी होते. मोठी, डाग नसलेली फळे कागदात गुंडाळून क्रेटमध्ये, बाजारात. लहान फळे दुसऱ्या क्रेटमध्ये, तीही बाजारात. पाणी कमी-जास्त झाल्याने तडकलेली फळे ज्यूसवाल्याला. त्यानेही नाकारलेली तेवढी घरात येतात आणि तीसुद्धा आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या वाटीत पडतात. मामी उरलेल्या सालींना चिकटलेले दाणे खाते.

नदीच्या अलीकडे आम्ही ऊस पिकवतो आणि साखर होऊन तो परत आमच्या चहात येतो. नदीच्या पलीकडे मामा फळ पिकवतो आणि ते परत येत नाही. मी हे त्याला बोलून दाखवले तेव्हा तो चिडला. म्हणाला, "खतवाल्याला दाणे मोजू का?" त्याचे बरोबर होते. त्या हंगामात भाव पडला होता आणि औषधांची उधारी बाकी होती. मी गप्प बसले. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला शंभर ग्रॅम फळे खा असे सांगते. शंभर ग्रॅम म्हणजे एका मध्यम डाळिंबाचे दाणे. मामाच्या घरात माणसे सात, म्हणजे रोज सात डाळिंबे. तो आकडा मी त्याच्यासमोर उच्चारलाही नाही.

यंदाची यात्रा झाली. मटण झाले, पाहुणे आले. दादांच्या ताटात रस्सा होता पण वरची तर्री आईने पळीने काढून टाकली होती. भाकरी एक, कांदा-काकडी भरपूर आणि लिंबाच्या दोन फोडी. कोणीतरी जुन्या आठवणीने म्हणाले, "पोरी, रस आण की!" सगळे हसले, मीही हसले. रस आला नाही. मोसंबीच्या फोडी आल्या, पांढऱ्या पापुद्र्यासकट. दादांनी एक चावली आणि तोंड वाकडे करून म्हणाले, "कडू लागतंय." पण आणखी दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनवर पाहिले तर आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या थोडा वर होता. मटणही होतेच, म्हणून मी त्याचे श्रेय मोसंबीला देत नाही.

मामा निघाला तेव्हा मी त्याला नदीच्या पुलापर्यंत पोचवायला गेले. त्याने गाडीच्या डिकीतून एक पिशवी काढली. यंदाही तडकलेलीच आणली असतील असे वाटून मी आत हात घातला. चार फळे होती, चारही मोठी, कागदात गुंडाळलेली.

"आईला दे," तो म्हणाला. "तिला म्हणावं, तूच खा." मग गाडीला किक मारता मारता त्या दिवशी बाजारात त्या चार फळांचा भाव काय चालला होता, तेही त्याने मला सांगितले.